वीस मिनिटं आधीची घंटी

रोज सकाळी नऊला ताई ऑफिसात यायची, चपला टेबलाखाली सारायची आणि चहाला हात लावण्याआधी पडद्यावरची अडुसष्ट ओळींची यादी पुटपुटत वाचायची. एकही ओळ न गाळता. "ताईंचं पारायण संपेपर्यंत कुणी बोलू नका," असं शेजारच्या टेबलावरची वावटळ सगळ्यांना बजावायची. वावटळ हे तिचं ऑफिसातलं नाव. मुलगी हुशार, पण हात डोक्याच्या पुढे धावायचे.

यादी होती डायलिसिस केंद्राच्या ॲपच्या सेटिंग्जची. केंद्राची गाडी रुग्णांना घरून आणायची. गाडी यायच्या किती मिनिटं आधी फोनवर घंटी वाजवायची, तातडीचा नंबर कोणता, असं सगळं त्या यादीत. यादी फोनमध्ये नसे, क्लाउडवर असे, आणि नऊशे फोन दर पाच मिनिटांनी तिथं डोकावून ताजी यादी घेत. काही बदलायचं तर ताईनं सर्व्हरवर लिहून ठेवलेला प्रोग्राम चालवावा लागे. त्यात ग्यानबाची मेख एकच. ओळ एक बदलायची असली, तरी सगळी पाटी पुसून यादी पहिल्यापासून लिहिली जायची.

पूर्वी ताई याच केंद्रात नोंदणीच्या खिडकीत बसायची. कागद गेले, संगणक आले, तेव्हा एकेचाळिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ते वर्षभर रोजचा स्वयंपाक दादानं केला, रोज कुरकुरत. दादा कुलपं दुरुस्त करणारा. जन्मभर लोकांच्या दारांपुढे उकिडवा बसून आधी गुडघे गेले, मग किडन्यांनी हात टेकले. दोघं भावंडं चौथ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती.

घंटी दहा मिनिटं आधी वाजायची, ड्रायव्हर आणखी पाच मिनिटं थांबायचा. दादाला खाली उतरायला सतरा मिनिटं लागायची. गेल्या आठवड्यात गाडी दोनदा हुकली. पाय सुजले, धाप लागली. आज पुन्हा हुकली असती तर त्याला भरतीच करावं लागणार होतं.

"अरे, जरा आधीच निघ की," ताई सांगून थकली होती.

"घंटी वाजल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. एकदा तुझं ऐकलं, तासभर उन्हात वाळत पडलो."

ताईनं जुन्या नोंदी काढल्या. गाडी हुकलेले बहुतेक सगळे वरच्या मजल्यांवरचे म्हातारे. घंटी वीस मिनिटं आधी वाजवावी, असा अर्ज तिनं दिला. मोठ्या डॉक्टरीणबाईंची सही आली ती आज, बारा वाजून वीस मिनिटांनी. दादाची गाडी एकला यायची होती. म्हणजे घंटी बारा चाळीसला वाजायची, तर नवी यादी बारा पस्तीसच्या आत क्लाउडवर बसायला हवी.

तिनं यादी उतरवली, दहाचे वीस केले. नियमाप्रमाणे तपासणी करण्यात दहा मिनिटं गेली. यादी पाठवली, तर क्लाउडनं परत केली. मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी यादी बदलली होती.

वावटळ खुर्चीसकट सरकत आली. "ताई, जबरदस्तीची सोय आहे ना? एक शब्द वाढवा, तुमचीच यादी बसेल."

"आणि दुसऱ्यानं लिहिलंय ते?"

"असेल काहीतरी फुटकळ! घड्याळ बघा, दादा अडकतील."

ताईनं घड्याळ बघितलं. एक शब्द, एक कळ. दादाचा सुजलेला पाय डोळ्यांपुढे आला आणि बोट कळेवर क्षणभर थांबलं.

"माझी जबरदस्ती घरात दादावर चालत नाही, इथं कुठं चालवू," असं म्हणत तिनं ताजी यादी मागवली.

एकतिसाव्या ओळीवर ती अडखळली. सकाळी वाचलेला तातडीचा नंबर हा नव्हता. जुना फोन दुपारपासून बंद होणार होता, म्हणून पलीकडच्या खोलीतल्या मदतकक्षवाल्यानं नवा नंबर आत्ताच टाकला होता. जबरदस्ती केली असती तर नऊशे फोनांत बंद पडलेला नंबर जाऊन बसला असता.

वावटळीनं जीभ चावली. मग दोघींनी मिळून अडुसष्ट ओळी ताडून पाहिल्या. एकीनं भरभर वाचायचं, दुसरीनं "हं" म्हणायचं. बारा चौतीसला यादी गेली, आणि या वेळी मुकाट बसली.

पुढची मिनिटं ताईनं काहीच केलं नाही. मनातल्या मनात ती जिना उतरत होती. तिसऱ्या मजल्यावरचा कठड्याचा सैल गज, दुसऱ्यावर कुणीतरी आडवी लावलेली सायकल, मग दम खायला थांबणं. एक वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"अगं, तुमचं यंत्र बिघडलंय! वीस मिनिटं आधीच बोंबललं. मी आपला खाली येऊन पायरीवर बसलो होतो केव्हाचा."

"केव्हाचा म्हणजे?"

"तीन मिनिटं! गेली की नाही फुकट? आणि हा ड्रायव्हर दात काढतोय, म्हणतो, आज आजोबा गाडीच्या आधी हजर." मागून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

वावटळ डोळे मोठे करून खुणावत होती, सांगा ना, सांगून टाका. ताईनं नकारार्थी मान हलवली.

"बरं, सांगते हं ऑफिसात," ती म्हणाली. "आणि तिथं पाणी बेतानं पी."