काहीही न करणाऱ्याच्या मांड्या

बंगळूरला मल्लेश्वरमच्या आमच्या बागेत बाकावर बसणारी म्हातारी मंडळी अजूनही सांगतात की काहीही न करता माझ्या मांड्या दणकट झाल्या. ते खोटं आहे. माझा दाखला देऊन एक-दोघांनी सकाळचं चालणंही सोडलंय, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

जवळच्या एका संशोधन संस्थेत एक शास्त्रज्ञ बाई म्हातारपणातल्या स्नायूंवर काम करतात. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, चरबी वाढते आणि रक्तातली साखरही हाताबाहेर जाऊ लागते. व्यायामाने हे कितपत थोपवता येतं, ते त्यांना पाहायचं होतं. बाई पुण्याच्या. आमचं घराणं बेळगावकडचं, पण तीन पिढ्या इथेच गेल्या. मराठी बोलणारं म्हातारं जोडपं सापडल्याचा त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी आम्हा दोघांनाही अभ्यासात घेतलं. गट चिठ्ठ्या टाकून ठरले. बायको व्यायाम करणाऱ्यांत गेली, मी दुसऱ्या गटात. मला बाईंनी बजावलं, "काका, तुम्ही काहीही बदलायचं नाही. आहे तसंच राहायचं."

बायकोला पायांना बांधायच्या वाळूच्या पिशव्या आणि प्रथिनांची पूड मिळाली. घरी येऊन तिने दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"अहो, घरातून एकाने केलं म्हणजे झालं ना? तुम्ही रिकामेच असता."

आज हे विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडे सगळंच तसं चालतं. बारशाला ती जाते, कुणी गेलं तर समाचाराला मी जातो. घरटी एक माणूस पोचलं की घराची हजेरी लागते. व्यायाम त्याहून वेगळा असेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी पायांना पिशव्या बांधून खुर्चीवरून उठायचो, बसायचो. ती समोर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत कानडीत आकडे मोजायची आणि मध्येच म्हणायची, "अजून स्वल्प खाली." पूड थालीपिठात मळायची, थालीपीठ मला वाढायची. संस्थेतून फोन आला की व्यायाम झाला म्हणून सांगायची. झालेला असायचाच.

काही महिन्यांनी पुन्हा मोजमाप झालं. बायकोने पायांचा जोर मोजायचं यंत्र दाबलं, ते जेमतेम हललं. माझा जोर पाहून बाईंनी यंत्र बदलून आणलं. मग यंत्राखाली माझ्या मांडीच्या आतलं चित्र काढलं आणि त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"काका, तुम्ही खरंच काही करत नाही?"

तोंड उघडलं तोच बायकोचं कोपर बरगडीत लागलं. मी नाही म्हणालो.

बाईंनी मग फार संकोचत विचारलं, मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू काढून तपासला तर चालेल का? खरं सांगण्यापेक्षा मांडी देणं मला सोपं वाटलं. मी कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो. पुढे काही दिवस लंगडत होतो. तरी बायको व्यायाम चुकवू देईना. तिचं नाव खराब झालं असतं.

त्यानंतर संस्थेत लोकांसाठी बाईंचं व्याख्यान झालं. पडद्यावर एका 'गृहस्थांची' मांडी दिसली. बाकावरची सगळी मंडळी मीच हौसेने नेली होती, त्यामुळे गृहस्थ कोण हे सभागृहात कळायला वेळ लागला नाही. बाई म्हणाल्या, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण असे आणखी लोक शोधायला हवेत. व्याख्यान संपताच आमच्या बाकाने त्यांना गराडा घातला. आपण किती वर्षं काही करत नाही, हे जो तो सांगू लागला. जाताना बाई मला म्हणाल्या, "पुढची काही वर्षं मी यावरच घालवणार आहे, काका. तुमच्यामुळे."

घरी गेल्यावर मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी एकटाच संस्थेत गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकूंचा सगळा व्यायाम तुम्ही केलात?"

"रविवार सोडून. रविवारी जावई येतो."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलंत." आम्हा दोघांनाही अभ्यासातून वगळावं लागेल म्हणाल्या. निघताना मी विचारलं, माझ्या मांडीच्या दाण्याचं काय? तो गोठवून ठेवलाय म्हणाल्या, डबीवर काय लिहायचं ते आता बघू.

घरी बायको भडकली. "मला का काढलं? मी काय केलं?"

काहीच नाही, मी म्हणालो. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दुपारी तिने वाळूच्या पिशव्या मागितल्या. हल्ली ती खुर्चीवरून उठते, बसते आणि आकडे स्वतःच मोजते. मी समोर अवरेकाई सोलत असतो. अर्ध्यात दम लागला की ती खुर्चीला धरून माझ्याकडे बघते. मी उठत नाही.