रक्ताच्या तीन नळ्या

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझी खात्री पटली, की वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर माझे विचार उमटतात. मी माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरला, कॉलेज सोडलं. जेवणात काहीतरी मिसळलंय म्हणून जेवणही सोडलं. आई माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवायची. तरी मी तोंड फिरवायची.

मावशी म्हणाली, "बाहेरचं हाय काय तरी. देवऋष्याकडं न्या."

पप्पांचं गडमुडशिंगीत ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते म्हणाले, "नारळ फोडून इंजिन चालू हुतंय व्हय? उघडूनच बघाय लागतंय." दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप लावून त्यांनी मला कोल्हापुरात मनोविकाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस मी नुसती झोपून होते. महिन्याभरानं डोक्यातला गलका ओसरला, समोरच्याचं बोलणं कळू लागलं. तेव्हा बाईंनी आम्हाला एक वेगळी गोष्ट विचारली. हा आजार नुकताच सुरू झालेल्या पेशंटांचं रक्त तपासून पुढचा अंदाज बांधता येईल का, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. तीन नळ्या रक्त हवं होतं. "नाही म्हणालीस तरी उपचारात काही फरक पडणार नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. कित्येक आठवड्यांनी मला कुणीतरी परवानगी विचारत होतं. मी हात पुढे केला.

पुढच्या खेपेला पप्पांनी विचारलं, "बाई, पोरीच्या रक्तात काय निघालं? बरी हुनार का न्हाय?"

"ते रक्तावरून आज कुणालाच सांगता येत नाही. शरीरातली सूज दाखवणारे काही घटक आम्ही मोजतोय, पण एकट्या हिच्याबद्दल त्यावरून बोलले, तर ते खोटं ठरेल."

पप्पा चिडले. "मग एवढं रक्त काढलं कशाला?"

"अशा पुष्कळ जणांचं रक्त तपासलं, तर पुढे कधीतरी सांगता येईल म्हणून," बाई म्हणाल्या. पप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "म्हंजे वाईट हुनार, असं बी रक्तात लिवल्यालं न्हाय की."

"नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या वेळेवर, झोप पुरेशी, आणि तुम्ही असेच येत राहा. आज एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकते."

पुढच्या वर्षी मी परीक्षा दिली. पप्पा प्रत्येक पेपरला तिन्ही तास केंद्राबाहेर मोटरसायकलवर बसून होते. नोकरी लागल्यावर एकदा पुन्हा झोप उडाली, कुणीतरी माझ्याबद्दल बोलतंय असं वाटू लागलं. या वेळी मीच आईला सांगितलं. बाईंनी गोळी वाढवली, आणि काही दिवसांत मी पुन्हा कामावर हजर झाले. दूध संकलन केंद्रावर मी फॅट तपासते.

त्या दिवशी बाईंनी धीर द्यायचा म्हणून काहीबाही सांगितलं असतं, तर दुसऱ्या वेळी आमचा विश्वास उडाला असता. माहीत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा रक्तासाठी बोलावलं. निष्कर्ष निघायला अजून वेळ आहे म्हणाल्या. मी फॉर्मवर सही केली, रक्त दिलं, येताना घरच्यांसाठी भडंग घेतलं आणि गडमुडशिंगीची बस पकडली.