काळीपिवळीची मागची पायरी

ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यातल्या रेकॉर्ड रूममध्ये सलीमा बारा वर्षं एकच काम करत आली. डॉक्टर केसपेपरवर 'रस्ता अपघात' एवढं खरडून मोकळे होत. पुढचं सलीमाने शोधायचं: माणूस पायी होता की गाडीत, आत बसलेला की बाहेर लटकलेला, कशाला धडकला. त्याप्रमाणे कोड टाकायचा. महिन्याची गोळाबेरीज जिल्ह्याला जायची. नातेवाईक खेकसत, "इथी माणूस मरून राह्यला अन् तुले कोड पायजे?" तरी ती विचारायचीच. कामाला चोख बाई.

एकाच ठिकाणी ती खोटं लिहायची. काळीपिवळी जीपच्या मागच्या पायरीवरून कुणी पडलं, की 'आत बसलेला'. 'बाहेर लटकलेला' असं कागदावर आलं तर चालकाचं परमिट जाणार, आणि चालक म्हणजे कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी. तिचा धाकटा भाऊ नूर मोहम्मदही काळीपिवळीच चालवायचा. लोक म्हणत, सलीमाबाईंचं मन मोठं. मोठं कसलं, भिडस्त. दोन वर्षांमागे सलीमाच्या गावातल्या आईबापांनी कॉलेजच्या पोरींसाठी दहाच्या बसची मागणी केली. जिल्ह्याने आकडे पाहिले. लटकून पडलेलं कुणीच नव्हतं. बस मिळाली नाही. सलीमाने नकाराचं पत्र वाचलं आणि डबा उघडून जेवली.

तिची एकुलती एक लेक मदीहा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई सकाळच्या बसने निघायची, लेक दहाला मामाच्या गाडीने. एका सोमवारी गावाबाहेरच्या तलावाच्या वळणावर ती मागच्या पायरीवरून पडली. आईच्याच दवाखान्यात आणली. दुपारपर्यंत गेली.

पाचव्या दिवशी सलीमा कामावर आली. केसपेपर टेबलावर होता.

"राहू द्या बाई, मले द्या तो कागद," शेजारच्या टेबलावरची पिंकी म्हणाली.

"तुले काय माहीत ती कुठी उभी होती?"

माहीत असलेला दारात येऊन उभा होता. नूर हळूच म्हणाला, "आपा, आत बसली होती असं लिही."

"सगळ्यांले इचारतो तसंच तुले इचारून राह्यली. गाडीत किती जण होते?"

"सतरा."

"आत जागा होती?"

नूर दाराची चौकट सोडून आत आला. "होती. तिचीच होती. सीताबाई चढली, गुडघे दुखते म्हणे. मदीहाच उठली. म्हणे, मामा, मी मांगं उभी राह्यतो, आपलीच तर गाडी हाय." मग तो म्हणाला, "मी नाई म्हणायले पायजे होतं, आपा."

सलीमाने कोड टाकला. प्रवासी, गाडीच्या बाहेर. अक्षर नेहमीसारखं नीट आलं, त्याचाच तिला राग आला.

"परमिट जाईन आता," नूर म्हणाला आणि बाकावर बसून रडू लागला. सलीमा त्याच्याजवळ गेली नाही. कपाटातल्या मागच्या वर्षीच्या फायली काढू लागली.

"त्या बंद झाल्या बाई. आता काई बदलत नाई," पिंकी म्हणाली.

"माहीत हाय."

तरी तिने केवळरामची फाईल उघडली. तलावातल्या मासोळ्या बाजारात आणणारा माणूस. त्याची बायको गोकुळा याच टेबलापाशी तीन वेळा सांगून गेली होती, "बाई, तो बाहेर होता, हात सुटला त्याचा." सलीमाने तिला चहा पाजला होता, पाठीवरून हात फिरवला होता, आणि ती गेल्यावर 'आत बसलेला' असं लिहिलं होतं.