चिंचेच्या कोळातली पाच काडतुसं

एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची पाच काडतुसं मी चिंचेच्या कोळात भिजत घातली. चांगली दीड दिवस. वर चमचाभर मीठही टाकलं.

तेव्हा मी ओमानमध्ये इब्राला होतो, पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपचा सुपरवायझर. दोन हजार बारा-तेराचा सुमार असेल. अर्बाबचे, म्हणजे आमच्या अरब मालकाचे, वडील रोज सकाळी यायचे आणि माझ्या खुर्चीत बसायचे. मग सुपरवायझर उभा. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. तरुणपणी काही वर्षं मुंबईत काढल्यामुळे त्यांना हिंदी यायची, त्यातल्या शिव्या तर फारच स्वच्छ.

एका सकाळी बाबांनी टेबलावर काडतुसांचा जुना चामडी पट्टा ठेवला. पन्नासेक खण होते त्याला, भरलेले पाच.

"हे फाटलेले खण शिवून दे. नातवाचं लग्न आहे."

त्यांच्याकडे लग्नात समोरच्या डोंगराच्या उतारावर एक पांढरा दगड ठेवतात आणि पुरुष त्याच्यावर नेम धरतात. पहिला बार घरातल्या सगळ्यात थोरल्याचा. बाबांची रायफल त्यांच्या वडिलांची होती, थ्री-नॉट-थ्री. एके काळी त्या भागात दुसरं काडतूस कोणी विचारायचं नाही म्हणे. पुढे हरणांच्या शिकारीला बंदी आली आणि थ्री-नॉट-थ्रीला लग्न आणि ईद एवढंच काम उरलं. नवी पोरं छोट्या गोळीच्या टू-टू रायफलीवर गेली. स्वस्त, आवाज कमी, खांद्याला धक्का नाही.

बंदुकांच्या परवानाधारक दुकानात मी बाबांसाठी विचारूनही आलो. दुकानदार म्हणाला, "आता हे कोणी मागत नाही, आम्ही ठेवत नाही. त्यांना टू-टू घ्यायला सांग."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "टू-टूने उंदीर मरतो. नातवाच्या लग्नात मी उंदीर मारू?"

म्हणजे होती ती पाचच. खण शिवायला मी ती बाहेर काढली आणि एकाच्या बुडाला अंगठा घासून पाहिलं. शिक्का पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, खाली साल. पाचही त्याच सालची. त्या साली माझे वडील खडकीला होते, काडतुसं भरण्याच्याच कामावर. गेटवर रोज खिसे तपासून, हात कोरडे आहेत ना ते पाहून आत सोडायचे, काडेपेटी सापडली की संपलं. वडिलांना त्याची इतकी सवय लागली की घरात देवापुढचा दिवासुद्धा ते आईला लावायला सांगत. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आणि इथे, वाळवंटाच्या काठावर, ते माझ्या तळहातावर काळेहिरवे पडले होते.

असल्या वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मला वाटलं, घासून लख्ख करावं. आमच्या घरी पितळ म्हटलं की चिंच.

माझा रूममेट मालवणी होता, आमच्याच वर्कशॉपचा टर्नर. त्याने पातेल्यात डोकावून विचारलं, "काय रे, सोलकढी करतंस काय?"

"वडिलांच्या हातचं आहे रे."

"मगे त्यांका आंघोळ घालतंस?"

काडतुसं सोन्यासारखी निघाली. पट्टा पाहून बाबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. आयुष्यात इतका खूश मी क्वचितच झालोय.

लग्नाच्या दिवशी उन्हं कलताना सगळे पुरुष वाळूत रांगेने उभे राहिले. बाबांनी हातातली काठी नातवाकडे दिली, रायफल खांद्याला लावली, श्वास धरला.

टक्.

बोल्ट ओढून त्यांनी दुसरं भरलं. टक्. तिसरं. चौथं. प्रत्येक वेळी ते तितक्याच सावकाश नेम धरत होते, आणि मला त्या पांढऱ्या दगडाशेजारी माझे वडील उभे दिसत होते, खिसे उलटे काढून, हात कोरडे आहेत हे दाखवत. पाचवंही टक्. बाबांनी वाकून वाळूतून एकेक काडतूस उचललं, पट्ट्यात खोचलं आणि म्हणाले, "खलास." मग नातवाने टू-टूने दगड उडवला. टाळ्या झाल्या.

जुनी होती, गेली, असं सगळेच म्हणत होते. मीही मान हलवली.

बाबांनी वर्कशॉपला येणं सोडलं. रायफल नातवाला देऊन टाकली, खजुराची बाग मुलांत वाटली. अर्बाब म्हणायचा, जेवतही नाहीत नीट. माझी खुर्ची मला परत मिळाली होती, पण मी उभ्यानेच काम करायचो. स्वयंपाकघरात गॅसचा लायटर टक् वाजून पेटला नाही की माझा हात तिथेच थांबायचा. रूममेट म्हणायचा, "जाऊन सांग तरी. नायतर लायटर बदल." मी लायटर बदलला. नवाही तसाच वाजायचा.

दहा महिन्यांनी माझी मस्कतला बदली झाली. वादी कबीरला फ्लॅट ठरला, सामान भरून झालं, आणि सकाळी निरोप घ्यायला मी बाबांच्या घरी गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, अर्धे झालेले. कॉफीचा पहिला पेला तसाच हातात धरून मी सगळं सांगितलं: खडकी, वडील, चिंच, मीठ. बुडाच्या टोपीच्या फटीतून पाणी आत गेलं असणार, हेही.

बाबांनी मला दोनदा मिठाचं विचारलं.

"दहा महिने मी समजत होतो, मला वरून बोलावणं आलं," ते म्हणाले. "आणि हा तर नुसता गाढव होता."