उलटा चिकटलेला तुकडा

फिल्मच्या कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. काम एकच: पात्याने फिल्मचं टोक खरवडायचं, गोंदाचा थेंब लावायचा, दुसरं टोक दाबून दहापर्यंत मोजायचं. मूकपटांचे दिवस होते ते. पडद्यावर कोणी बोलत नसे, आत्याही फारसं बोलत नसे.

जोडणीच्या खोलीला एकुलती एक खिडकी, तीही खिळे ठोकून बंद. फिल्मवर धूळ नको, असा जुना हुकूम. गोंदाला पिकलेल्या फळाचा गोड वास यायचा. दुपारपर्यंत डोकं इतकं हलकं व्हायचं, की आपण खुर्चीच्या वीतभर वर बसलोय असं आत्याला वाटे. खिडकी उघडा म्हणून तिने तीन अर्ज दिले होते. तिन्ही विचाराधीन.

"परवा संवादाची पाटी भलत्याच दृश्यानंतर लागली, आत्या," मुकादम म्हणाला. "आता एक जरी चूक झाली, तर घरी बसायचं."

आणि त्याच आठवड्यात हा विनोदी मूकपट आला. कारकुनाला कचेरीची खिडकी उघडायची असते. त्याचा कागद सतरा टेबलं हिंडतो. शेवटी वैतागून तो स्वतःच उघडतो, तर साहेब सुताराला बोलावून ती लावतात, वर खिळे ठोकून घेतात. जोडता जोडता आत्याला तंद्री लागली, आणि शेवटचा तुकडा उलट्या टोकाने, शेवट आधी नि सुरुवात मागे असा, चिकटला.

मालकांसमोर पडदा उजळला. आत्या मागे उभी होती. अख्खी कचेरी छताला लटकलेली, साहेब वटवाघळासारखे. सुताराची हातोडी पडेल तसा एकेक खिळा लाकडातून बाहेर येत होता. मग खिडकी अलगद उघडली.

मालक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "हे कोणाचं डोकं?"

"माझं," आत्या म्हणाली. "पण चुकून झालं. गोंदाने गरगरतं. खिडकी बंद असते ना."

"मग अर्ज करायचा."

"तीन केलेत."

"कुठे अडलेत?"

मुकादमाने पायांकडे बघितलं. "आपल्याच टेबलावर, मालक."

मालकांचं हसू तिथेच विरलं. मग म्हणाले, "तो तुकडा तसाच राहू दे. आत्यालाही."

दुसऱ्या दिवशी पडद्यावरचाच सुतार, कारखान्यातलाच तो, पक्कड घेऊन आला. खिळे एकेक करून निघू लागले. आत्याने हळूच खाली वाकून बघितलं. त्याचे पाय जमिनीवरच होते.