लेकीला ओवायला शिकवलं कुणी

फुलं आमच्या मळ्यातली होती, हे आधी सांगते. पाथर्डीच्या बाजूला आमची शेवंती आहे. पहाटे खुडायची, हार ओवायचे आणि नवऱ्याच्या गाडीवर बाजारात पाठवायचे, हे माझं काम. डोळे मिटून ओवला तरी माझा हार एकसारखा येतो. लेकीला मात्र मी सुईजवळ फिरकू देत नव्हते. चार वर्षांचं पोर, टोचली म्हणजे? शिवाय वाकड्या हाराला गिऱ्हाईक हात लावत नाही.

ती इंदिरानगरच्या बालवाडीत जाते. तिथे पाटी-पुस्तक फारसं नाही. पोरं मटार सोलतात, माती मळतात, ज्याला जे हवं ते घेऊन बसतात. एकदा तिथल्या ताईंनी माझ्याकडे फुलं मागितली. मी परडी भरून दिली, तीही मोठ्या तोऱ्यात.

दुपारी न्यायला गेले तर लेक मांडी घालून बसलेली, हातात बोथट सुई. हार ओवत होती! लेक माझी, फुलं माझी, विद्याही माझीच, आणि शिकवणारी कोण, तर ही बाई. बरं, शिकवत तरी कुठे होती? नुसती शेजारी बसून बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लेकीने हार उचलून दाखवला तो ताईंना, मला नाही. काही फुलं उलटी, मध्येच बोटभर दोरा रिकामा. मला राहवेना. "आण इकडं," म्हणत मी तो ओढून घेतला, फुलं उतरवली आणि तिच्या डोळ्यांदेखत झरझर नीट ओवून दिला. लेक रडलीसुद्धा नाही. माझा सुबक हार तिने सतरंजीवर ठेवला, परडीच्या तळाची चुरगळलेली फुलं घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून बसली. तो वेडावाकडा तुकडा झाल्यावर ताईंनी खाली वाकून तिच्याच हातून तो अंबाड्यात माळून घेतला. माझा हार कुणी इतक्या कौतुकाने घातलेला मी कधी पाहिला नाही. घरी येईपर्यंत मी पोरीशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओवत होते, तर ती उठून आली आणि सुई मागू लागली. मला कोण आनंद! आता तरी माझ्याकडून शिकेल म्हणून मी जाड सुईचं टोक दगडावर घासून बोथट केलं. तिने सुई घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"अशी उलटी का बसली गं? मला दिसत नाय."

"तू परत माझा हार सोडशील."

"नाय सोडणार."

"ताईंना द्यायचाय," ती म्हणाली, पण वळली नाही.

त्या बाईचा राग आला, पोरीचाही आला. तरी टोपलीतली टपोरी शेवंती निवडून मी मागूनच तिच्या मांडीशी सरकवली, कुणासाठी ते ठाऊक असूनही. हात तिथेच ठेवला. तिने न बघता चाचपून फुलं घेतली आणि माझा हात हळूच बाजूला सारला.