लॉरीला लावलेली राळ

काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो. फळ्यावरचं वाक्य अर्धंच टाकून उत्तनला निघालो. काकी उंबऱ्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "खाटेवर गेले रं तुजे काका. घरात, खाटेवर..." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात समाधान होतं.

माझे वडील वादळात होडीसकट गेले. मी तेव्हा रांगत होतो. काकीनं काकांकडून वचन घेतलं, पुन्हा समुद्रावर जायचं नाही. काकांनी स्वतःची होडी विकून एक जुनी लॉरी आणली आणि भाईंदर स्टेशनावर सुकी मासळी पोचवू लागले. त्या लॉरीवर मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. हे मी मान वर करून सांगतो.

मी कॉलेजात असताना, लढाईच्या दिवसांत, लॉरीच्या गिअरबॉक्समधून तेल गळू लागलं. सुटे भाग कुठेच मिळेनात. शेजारच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, हवा होता, आणि त्यांची माणसं काकांकडे खेपा घालत होती. काकी त्यांना पाणीसुद्धा विचारीना.

बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली काका लॉरीखाली शिरले. तेल काढलं, झाकण उघडलं, जाड पुठ्ठा झाकणावर ठेवून कडेनं हातोडी ठोकत नवं पॅकिंग कापलं. मी सुट्टीवर आलेला, कंदील धरून होतो.

"कॉलेजात ह्ये शिकवत न्हाय?"

"संस्कृत शिकवतात, काका."

"मग लॉरीला श्लोक म्हण!"

बोल्ट आवळून झाले, तरी काकांचं मन भरेना. होडीच्या फटीत कापूस आणि राळ ठासण्यात जन्म गेलेला. झाकणाच्या वरच्या बाजूला त्यांना बारीक भोक दिसलं. "पानी घुसायला वाटच ठेवलीय की!" म्हणत त्यांनी ते राळेनं बुजवलं.

दुसऱ्या दिवशी तेल दुप्पट गळालं, आता मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याजवळून. काका पायरीवर बसले. मग समुद्राकडे बघत म्हणाले, "जातो गो होडीवर. एक हंगाम फक्त."

काकी चुलीपुढे होती. भात उतू जात होता. तिनं झाकण सरकवलं, फेस खाली बसला, आणि ती तशीच थांबली. "अवो, काल वरचं भोक कशापायी बुजवलंत? तापल्यावर वाफ जाईल कुटं?"

काका उठले. तार तापवून राळ काढली. गिअर तापले की आतली हवा फुगत होती आणि वाट नसल्यानं तेलाला बाहेर ढकलत होती. त्या दिवशी लॉरी भाईंदरला जाऊन कोरडी परत आली. काकीनं शेजारच्या होडीवाल्याच्या घरी स्वतः नेऊन कालवण दिलं... पुढे रोज सकाळी काका त्याच तारेनं भोक साफ करत, आणि तार दाराजवळच्या खिळ्याला लावत.

गेल्या आठवड्यात लॉरी घ्यायला माणूस आला. काकीनं त्याला आधी ते भोक दाखवलं. "ह्ये कदी बुजवू नको." त्यानं भोक साफ करायची तार मागितली. काकीनं ती खिळ्यावरून आधीच काढून पदरात घेतली होती.

"तुला दुसरी मिळंल," ती म्हणाली.

लॉरी वळणाआड गेल्यावर तिनं तार पुन्हा खिळ्याला लावली.